चौकातलं नाव

"आधी नाव नीट लिहा, बाकीचं मग बघू."

बन्सी मास्तरांचं हे वाक्य मनकर्णाबाईनं अकरा वर्षं रोज सकाळी ऐकलं. ती निरीक्षणगृहाच्या स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत बसलेली असायची आणि मधल्या हॉलमधून ते वाक्य यायचं. घड्याळाकडं बघायची तिला कधी गरज पडली नाही. वाक्य आलं म्हणजे सात वाजले.

लोक त्या जागेला रिमांड होम म्हणत. अठरा वर्षांच्या आतलं पोरगं गुन्ह्यात सापडलं, की बाल न्याय मंडळाचा निकाल होईपर्यंत त्याला तिथं ठेवत. सरकारी कागदावर अशा पोराला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणत. तो शब्द खुद्द मास्तरांनाही एका दमात म्हणता यायचा नाही. म्हणून असेल किंवा नसेल, पण नवं पोरगं आलं की मास्तर पहिल्यांदा त्याच्या हातात खडू देत. फळ्यावर स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. काहींना ते येतच नसे. काही जण ऐटीत टोपणनाव लिहीत, पोलिसांच्या कागदात 'ऊर्फ'च्या पुढं आलेलं. मास्तर ते फडक्यानं पुसत आणि म्हणत, "हे बारशाला ठेवलं होतं का? बारशाचं लिही."

खरं तर ते मास्तर नव्हतेच. नेमणुकीच्या कागदावर ते काळजीवाहक, तेही कंत्राटी. पोरांना उठवायचं, रांगेत उभं करायचं, मंडळापुढं न्यायचं-आणायचं, एवढं त्यांचं काम. त्याआधी ते तिथल्याच फाटकावर वॉचमन होते. दौलताबादच्या किल्ल्याखालच्या एका वस्तीवर जन्म. सातवीत शाळा सुटली आणि लोकांच्या पेरूच्या बागा राखण्यात पुढची वर्षं गेली. अडतिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, ते दहावी पास झाले. निकाल घेऊन गावच्या पारावर गेले. तिथं चार माणसं पत्ते खेळत होती. कुणी मान वर केली नाही. शेवटी ह्यांनीच सांगितलं, "पास झालो बरं का." पानं लावता लावता एकानं विचारलं, "कशात?"

हा प्रसंग मास्तर हसत सांगत. पण सांगता सांगता त्यांचा हात शर्टाच्या खिशातल्या पेनावर जाई आणि तिथंच थांबे. मनकर्णाबाईला तेवढं दिसायचं.

तिलाही अक्षरं त्यांनीच शिकवली. हजेरीपटावरचा अंगठा जाऊन तिथं सही आली, तेव्हा ती पन्नाशी ओलांडून गेली होती. वाचताना ती अजून प्रत्येक अक्षरापाशी थांबायची, नदी उतरताना माणूस दगड चाचपत जातो तशी. पण वाचायची.

मास्तरांचं आणि अधीक्षक तनुजा मॅडमचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. मॅडम प्रत्येक बैठकीत सांगत, की पोराचं नाव, फोटो, पत्ता इथून बाहेर जाता कामा नये. कायदाच तसा आहे. पोरगं सुटलं की त्याचे कागदही पुढं नष्ट करायचे, म्हणजे उद्या नोकरीच्या दारात त्याला कुणी मागचं विचारू नये. मास्तरांना हे कधी उमजलं नाही, किंवा उमजून पटलं नाही. ते म्हणत, मी इकडं पोरांना नाव लिहायला शिकवायचं आणि तुम्ही तिकडं ते पुसायचं. मॅडम शांतपणे म्हणत, "मास्तर, पुसत नाही. झाकतो. जखम झाकतात तसं." पण संध्याकाळी मास्तर पोरांना घेऊन बसले, की चौकाचौकात लागलेल्या निकालाच्या फ्लेक्सची वर्णनं करत. कुणाच्या पोरीला किती टक्के, कुणाचा फोटो केवढा. आणि म्हणत, एक दिवस तुमच्यातल्या एकाचा लावणार. पोरं हसत. एक जण तर विचारायचा, मास्तर, गॉगल घालून काढू का फोटो.

गोकुळ आला तो सोळाव्या वर्षी. पैठणकडचा. आई-बाप ऊसतोडीला जायचे, म्हणून वर्षातले सहा महिने पोरगं मोकळं. दोन थोराड पोरांच्या नादानं तो मोटारसायकल चालवायला बसला. मागच्यानं रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईचं मंगळसूत्र ओढलं. बाई पडली, तिचा हात मोडला. गाडी गोकुळच्या हातात होती.

आठ महिने तो तिथं राहिला. कुणाशी फारसं बोलायचा नाही. पण ताट घेऊन आला, की आठवड्यातून एकदा तरी मनकर्णाबाईला विचारायचा, "मावशी, त्या बाईचा हात बसला असल का?" तिला काय ठाऊक असणार. ती म्हणायची, "बसला असल रे. हाड बसतं." आणि त्याच्या भातावर थोडं जास्त वरण घालायची.

मास्तरांनी त्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. फेब्रुवारीत मंडळानं त्याला सख्ख्या मावशीच्या ताब्यात दिलं. मावशी, गीताबाई, राहायला मुकुंदवाडीत. मनकर्णाबाईच्याच गल्लीत, तीन घरं टाकून.

हे मनकर्णाबाईला माहीत नव्हतं. एका सकाळी नळावर ती हंडा लावून उभी होती आणि समोरून गोकुळ बादली घेऊन आला. तिला बघितलं आणि पोराचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. नळावर सात-आठ बायका. मनकर्णाबाईनं हंडा सरळ केला, त्याच्यावरून नजर फिरवली आणि गीताबाईला विचारलं, "हा कोण गं, नवा पाहुणा?"

गीताबाईही काही कच्ची नव्हती. म्हणाली, "बहिणीचा हाय. शिकायला आलाय."

"मग बादली भरू द्या की आधी पोराला," मनकर्णाबाई म्हणाली. बस. तेवढंच. आणि त्या दिवसापासून पुढं सव्वा वर्ष तिनं त्या पोराला ओळख दिली नाही. ज्याला आठ महिने हातानं वाढलं, त्याच्या जवळून ती रोज परक्यासारखी जायची. गल्लीत ती सांगायची, सरकारी होस्टेलात स्वयंपाकाला आहे. तेही अर्धं त्याच्यासाठीच.

गोकुळ राजेंद्र नावाच्या मिस्त्रीच्या दुकानात मोटार भरायला लागला. जळालेल्या पाण्याच्या मोटारीतली काळी तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची. एक वेढा चुकला तर सगळं काम वाया. गोकुळचा चुकायचा नाही. राजेंद्र त्याला लोकांच्या घरी पाठवायला लागला, बंद पडलेले मिक्सर, पंखे, गच्चीवरच्या मोटारी. गल्लीत कुणाची लाईट गेली की पोरंटोरं ओरडत जात, वायरमनला बोलवा. वायरमन यायचा, खांद्याला पिशवी, कानावर टेस्टर. म्हाताऱ्या त्याला चहा देत, घरात एकटं सोडून शेजारी जात.

एकच अडत होतं, गणित. मार्चला बाकी सगळे विषय निघाले, गणित राहिलं. जुलैला परत राहिलं. मास्तरांना त्यानं घरी यायला मना केलं होतं. हात जोडून सांगितलं होतं, मास्तर, गल्लीत नका येऊ. म्हणून दर रविवारी दुपारी दोघं मुकुंदवाडी स्टेशनाच्या फलाटावर बसायचे. लहानसं स्टेशन. दोन गाड्यांच्या मध्ये तिथं कुत्र्यांशिवाय कुणी नसतं. मास्तरांना स्वतःला गणितात काठावर मार्क पडलेले. कधी उत्तर जुळायचं नाही आणि दोघंही पुस्तकाच्या शेवटच्या पानाकडं अपराध्यासारखे बघायचे. मनकर्णाबाई अधूनमधून डबा घेऊन जायची आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, कुणी ओळखीचं नसल्यासारखी, ठेवून यायची.

पुढच्या वर्षी मार्चला परत बसला. मे महिन्यात निकाल लागला. गणितात सत्तेचाळीस.

त्या दिवशी भर दुपारी गोकुळ पहिल्यांदा मनकर्णाबाईच्या दारात आला. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, दहावी पास झालो," आणि गल्लीतलं कुठलंही पोरगं पडेल तसा पाया पडला. शेजारची बाई म्हणाली, वायरमन, आता पेढे आण. तो आणायला पळाला. मनकर्णाबाई दाराला धरून उभी राहिली. तिला वाटलं, झालं. पोरगं पैलतीराला लागलं.

सोमवारी सकाळी सहाला ती ड्यूटीला निघाली. चौकात रिक्षाची वाट बघत उभी राहिली आणि समोर तिला गोकुळ दिसला. माणसापेक्षा मोठा गोकुळ. विजेच्या खांबाला आणि लिंबाच्या फांदीला बांधलेला फ्लेक्स, त्यावर हॉलतिकिटावरचा फोटो मोठा केलेला. केसांना तेल, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, डोळे थोडे बावरलेले. तिला हसू आलं. पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि डॉक्टरीला लागलेली लेकरं यांच्या रांगेत आपल्या गल्लीतलं पोरगं. ती वाचायला लागली. हा-र्दि-क. अ-भि-नं-द-न. त्याखाली पूर्ण नाव, गोकुळ कचरू खरात. काना, मात्रा, वेलांटी, कुठं काही चुकलेलं नव्हतं. मग टक्के. मग शुभेच्छुक, बन्सी मास्तर. आणि अगदी खाली, निकालाच्या फ्लेक्सवर जिथं शाळेचं नाव असतं, तिथं एक लांब ओळ.

ती ओळ तिला अक्षरं जुळवून वाचावी लागली नाही. निरीक्षणगृहाचं ते नाव ती रोज हजेरीपटावर बघत होती.

रिक्षावाला शेजारी येऊन उभा राहिला होता. वर बघत म्हणाला, "मौसी, ये अपना वायरमनच है ना? रिमांड का निकला क्या ये?"

"मला कुठं वाचता येतंय बाबा," ती म्हणाली.

मग तिनं त्याला विनवलं, तेवढा काढून दे. तो मागं सरकला. "नक्को मौसी. किसी का फ्लेक्स उतारे तो झगडा होता." चहाच्या टपरीवर तीन-चार जण मोबाईल वर धरून फोटो काढत होते. एकानं गल्लीच्या ग्रुपवर टाकलाही होता.

तिनं मास्तरांना फोन केला. ते पुंडलिकनगरातून स्कूटरवर आले, पेढ्यांचा डबा घेऊन. पांढरा शर्ट, खिशाला पेन. लांबूनच म्हणाले, "बघितला का? काल संध्याकाळी उभं राहून बांधून घेतला."

"मास्तर, खालची ओळ."

"शाळेचं नाव नको का? समद्यांच्या फ्लेक्सवर असतं."

"ती शाळा नाय, मास्तर."

"माझी तीच हाय," ते म्हणाले. आणि मग तिच्या तोंडाकडं बघून त्यांची नजर टपरीकडं गेली. तिथं एक जण दुसऱ्याला मोबाईल दाखवत होता आणि दुसरा हसत होता. मास्तर बराच वेळ तिकडंच बघत राहिले. पेढ्यांचा डबा त्यांनी मनकर्णाबाईच्या हातात दिला, की तो सुटला आणि तिनं धरला, तिला नंतर आठवेना. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस टपरीवरचं स्टूल ओढून त्यावर चढला. गाठी सुटेनात. वाऱ्यानं उडू नये म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी त्या स्वतः ओढून बघितल्या होत्या.

फ्लेक्स उतरला. पण आठ वाजेपर्यंत गल्लीला काही कळायचं राहिलं नव्हतं. राजेंद्रनं दुकान उघडलं आणि गोकुळला बाहेरच थांबवलं. तो काही वाईट बोलला नाही. म्हणाला, की तुला ठेवायला माझी ना नव्हती, पण मी तुला लोकांच्या घरात पाठवतो, उद्या कुणाचं काही इकडं तिकडं झालं तर मी काय सांगू. गेल्या दिवाळीत एका घरातली सोन्याची पोत हरवली होती. ती आता एकदम सगळ्यांना आठवली. ज्या म्हातारीनं त्याला घरात एकटं सोडलं होतं, ती दारात बसून कुणाकुणाला सांगत होती, मला तर तेव्हाच वाटलं होतं.

मनकर्णाबाई गीताबाईकडं धावली. गीताबाई चुलीपुढं बसून होती, चूल पेटलेली नव्हती. म्हणाली, स्टेशनाकडं गेलाय. पिशवी नेलीय.

ती आणि मास्तर स्टेशनावर पोहोचले, तेव्हा गोकुळ त्याच बाकावर बसला होता. टेस्टर तेवढा कानावर नव्हता. मास्तर त्याच्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "मला वाटलं, पास झाला. आता कामून लपायचं."

"मी लपलो नव्हतो, मास्तर," गोकुळ म्हणाला. "ऱ्हात होतो."

लांब रुळांवर ऊन चमकत होतं. तिकडं बघत तो म्हणाला, "गल्लीत मला वायरमन म्हणत होते. बारकी पोरंबी. तेवढं नाव पुरं होतं मला."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना धरायला काही तरी मिळालं असतं. मनकर्णाबाईनं विचारलं, कुठं जाणार. तो म्हणाला, बघतो. मास्तर म्हणाले, मार्कशीट यायची आहे, आठ-पंधरा दिवसांत मिळेल, तेवढं तरी थांब. त्यानं मान हलवली. "तुमच्याकडंच ठेवा. तिच्यावर नाव हाय."

पॅसेंजर आली. गोकुळ उठला. आधी मनकर्णाबाईच्या पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, सव्वा वर्षात पहिल्यांदा लोकांदेखत. मग तो मास्तरांपुढं वाकला. मास्तरांनी पाय मागं घेतले. तो तसाच क्षणभर वाकलेला राहिला, त्यांच्या पायांच्या मोकळ्या जागेपुढं, आणि मग डब्यात चढला.

पुढं चौकशी झाली. तनुजा मॅडमनी मास्तरांना समोर बसवून विचारलं, की खालची ओळ फ्लेक्सवाल्यानं आपल्या मनानं घातली असेल, तसं असेल तर तसं लिहून द्या. त्या हे का विचारत होत्या ते खोलीतल्या पंख्यालाही कळलं असतं. मास्तरांनी कागद घेतला, पेन काढलं आणि लिहिलं, की मजकूर मी सांगितला, ओळ मी घालायला लावली, नियम मला माहीत होता. खाली सही नाही केली. पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, नीट. मॅडमनी तो कागद वाचला आणि त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. महिनाअखेरीला कंत्राट संपलं.

शेवटच्या दिवशी मनकर्णाबाई कांदा चिरत वाक्याची वाट बघत होती. कांदा संपला. तिनं पदराला हात पुसले आणि हॉलच्या दाराशी गेली. पोरं फळ्यासमोर उभी होती, पुढच्याच्या हातात खडू. मास्तर खुर्चीत बसलेले. त्या पोरानं विचारलं, "मास्तर, नाव लिहू का?"

"आज नको," मास्तर म्हणाले. "आज बेरीज घे."

दुपारी त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. फ्लेक्स चौकशीसाठी म्हणून कोठीत पडला होता. मॅडमनी तो जाळून टाकायला सांगितला होता. मास्तरांनी तो मागून घेतला. गुंडाळी केली, छापलेली बाजू आत, आणि सुतळीनं बांधली. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. मनकर्णाबाईनं विचारलं, काय करता त्याचं. ते म्हणाले, "गावाकडच्या छपरावर टाकीन. अक्षरं खालच्या बाजूनं. माझ्यापुरती."

तिला म्हणायचं होतं, की मास्तर, मला तुम्ही वाचायला शिकवलं. पण त्या सकाळचं चौकातलं वाचणं तिला आठवलं आणि तिनं तोंडातला शब्द गिळला. पोळ्यांची एक चवड फडक्यात बांधून दिली. त्यांनी ती गुंडाळीबरोबर काखेत धरली आणि निघाले.

फाटकावरच्या नव्या वॉचमननं त्यांना नाव लिहून जायला सांगितलं नाही. ते बाहेर पडले. रस्ता सरळ होता, त्यामुळं ते खूप वेळ दिसत राहिले. पांढरा शर्ट आणि काखेत ती लांब गुंडाळी, कुणी आजारी लेकरू उचलून न्यावं तशी थोडी वर धरलेली. एकदा त्यांचा मोकळा हात खिशाकडं गेला आणि तसाच खाली आला.

मनकर्णाबाई जाळीच्या खिडकीतून बघत होती. तिच्याशेजारी त्याच सकाळी आलेलं एक पोरगं ताट धुवायला उभं होतं. तेही बघत होतं.

"कोण हायत ते?" त्यानं विचारलं.

"मास्तर."

"नाव काय त्यांचं?"

तिनं ऐकलं नाही असं केलं. रस्त्यावरचा पांढरा ठिपका वळणाशी पोहोचेपर्यंत ती बघत राहिली, आणि ते पोरगं तिच्याकडं.